डोक्यातली तेरवी

मुलांनो, फोनवर तुमच्या धाकट्या आजोबांचं गडगडाटी हसणं तुम्ही ऐकता. ते एकदा कायमचं थांबायच्या बेतात होतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरची, साकोलीजवळच्या आपल्या गावातली ही हकीकत.

माझ्या या दिराला मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग झाला. नागपूरच्या दवाखान्यात राहून, औषधं सुरू करून तो घरी आला. ताप उतरला, भात मागून खाऊ लागला, सासूबाईंनी पेढे वाटले. महिन्याभरातच डोकेदुखी परतली आणि एक डोळा तिरपा झाला.

"वयनी, मले दोन-दोन वयनी दिसून राहिल्या," चहाचा कप चाचपडत तो म्हणाला. "एक चहा देते, दुसरी नुसती रागावून पाहाते."

मी हसले, सासूबाई हसल्या नाहीत. "बरा होता होता काहून बिघडला? ह्या गोळ्याच भोवल्या त्याले. फवारल्यावर धान पिवळा पडला, त फवारा थांबवतो का नाही आपण? आता एकबी गोळी नाही द्याची." आणि गोळ्यांचा डबा त्यांनी पदराखाली घेतला.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सून, गोळ्यांच्या वेळा घड्याळ लावून सांभाळणारी. औषध थांबलं तर तो जगणार नाही, एवढं मला ठाऊक होतं. "निदान डॉक्टरांना विचारू," मी म्हणाले. डबा न सोडताच सासूबाई आम्हा दोघांबरोबर नागपूरच्या सकाळच्या एसटीत बसल्या.

डॉक्टरांनी तपासलं, नव्या यंत्रावर डोक्याचे फोटो काढले. म्हणाले, औषध नेमकं लागू पडलंय. जंतू मरताहेत, पण मेलेल्या जंतूंवर शरीरच चवताळून उठतं, म्हणून सूज येते. गोळ्या चालूच ठेवायच्या आणि जोडीला सूज उतरवणारं औषध द्यायचं. याला ते 'पॅरॅडॉक्सिकल', म्हणजे वरकरणी उफराटं, म्हणाले. कॉलेजात हा शब्द मला फक्त कवितेत भेटला होता.

"जंतू मेले, मंग हा बिघडला कसा?" सासूबाईंचं समाधान होईना.

उत्तर दिराने दिलं. "आई, आपल्या गावात माणूस मेला त किती दिवस कल्ला राहाते? रडणारे येतात, पाव्हणे येतात, पंगती उठतात. माझ्या डोक्यात जंतूंची तेरवी चालू आहे, समज."

"अभद्र नोको बोलू रे, मेल्या!" त्यांनी त्याच्या दंडावर चापट मारली. मग बाकावर बसून अशा हसू लागल्या की नर्स डोकावून गेली. डोळे पुसत त्यांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. "घे बाई, तूच दे."

ती तेरवी काही लवकर उरकली नाही. नव्या औषधाने त्याची भूक वाढली, चेहरा भोपळ्यासारखा झाला. पण डोकेदुखी गेली आणि हळूहळू डोळाही सरळ झाला. मग मात्र तो गोळ्यांना कंटाळला. तेव्हा सासूबाईच पाण्याचा गडवा घेऊन समोर उभ्या राहायच्या. "गीळ आधी. मंग बोल."

उपचार पुरे झाले, आता गोळ्या बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आम्ही सगळे आनंदलो. बावरल्या त्या एकट्याच. "डॉक्टरसाहेब," त्या हळूच म्हणाल्या, "एखादी तरी गोळी राहू द्या ना, सणावाराले द्याले."