मधल्या येळंला ती कुठं असंल

लातुरात क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा मी घरबसल्या त्यांचे सरावपेपर टाइप करून द्यायची. कॉम्प्युटर जुनाट, कुणीतरी वापरून टाकलेला. सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात वरण शिजावं. शेवटी मी नवी हार्ड डिस्क आणली आणि ठरवलं, विंडोज नव्यानं टाकायचं. "तुला जमणारंय का ते?" असं घरात कुणीतरी विचारलं. झालं, मग तर मला स्वतःच करणं भाग होतं.

अडचण एकच होती. जुन्या डिस्कवर काकूची मुलगी होती.

म्हणजे तिचा फोटो. काकू, माझी चुलती, भूकंपानंतर गावाहून आमच्याकडं आली ती एकटीच. सात-आठ वर्षांची पोर घराखाली गेली, आणि घरातला कागदाचा कपटासुद्धा उरला नाही. पुढं लोह्याच्या नातेवाइकांच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती सापडली. करवल्यांच्या घोळक्यात, मुठीत अक्षता, नेमकी कॅमेऱ्याकडं बघणारी. अल्बम काही त्यांनी कायमचा दिला नाही, म्हणून मी तिथल्याच दुकानात फोटो स्कॅन करून सीडीवर आणला. नंतर अल्बमला वाळवी लागली, सीडी चरे पडून बाद झाली. जगात ती आता आमच्या कॉम्प्युटरवर तेवढी होती. पडद्यावर मी तोच फोटो लावलेला. सकाळी देवपूजा झाली की काकू खुर्ची ओढून त्याच्यापुढं बसायची. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा यायचा.

"हे बघ काकू," मी समजावलं, "या डिस्कवरून तिला त्या डिस्कवर न्यायचं. मग ही पुसायची."

"आन् मधल्या येळंला ती कुठं असंल?"

"दोन्हीकडं असेल. आधी तिकडं उतरते, मगच इकडची जाते."

"भिंती लई मजबूत हायत, असंबी सांगितलं हुतं आमाला," काकू म्हणाली.

दुपारी कॅबिनेट उघडलं, नवी डिस्क बसवली, तिच्यावर विंडोज टाकलं. जुनी डिस्क तात्पुरती बाहेरच, वायरीला जोडून टेबलावर ठेवली. कॉपी सुरू झाली. पडद्यावर चित्रातले कागद एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात उडायला लागले. काकू माझ्या मागं उभी.

शेजारच्या प्लॉटवर क्लासच्या पोरांसाठी होस्टेल बांधायला घेतलं होतं. तिथं बोअरच्या गाडीनं नेमका त्याच वेळी धडाका लावला. फरशी हादरली, मांडणीतली भांडी वाजू लागली. भूकंपापासून काकू उपड्या तांब्यावर पेला ठेवायची. आमच्या गल्लीत घरोघरी असाच काहीतरी बेत असे. पेला पडला की मेन स्विच खाली ओढायचा आणि अंगणात पळायचं.

पेला पडला. स्विच खाडकन खाली आला, पडदा काळा झाला, आणि काकू अंगणात.

"अगं, बोअर मारायलेत ते. वाट लावलीस सगळ्याची," मी ओरडले. स्विच वर करून कॉम्प्युटर लावला तर जुनी डिस्क नुसती टकटक वाजत राहिली. तिच्यातलं काहीच दिसेना. नवीवर बघितलं. पेपर अर्धेमुर्धे उतरले होते, ते गेले खड्ड्यात. पण फोटोचा फोल्डर होता. फोटो उघडला. अख्खी होती पोर, मुठीतल्या अक्षतांसकट. मला रडूच फुटलं.

"काकू, आहे गं ती. ये लवकर."

काकू येईना. मी बाहेर गेले. ती अंगणात मधोमध उभी होती.

"तवाबी मी अशीच भाईर आले," ती म्हणाली. "तिला न घेता. वाटलं, मागंच हाय."

इतक्या वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तू कशी वाचलीस असं तिला विचारायचं धाडस आमच्यात कुणाला झालं नव्हतं. तिचा हात धरून मी तिला दारापर्यंत आणलं, म्हटलं एकदा बघ तरी. उंबऱ्यातूनच तिनं पडद्याकडं पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला.

"बंद कर माय ते. ती माझ्याकडंच बघायलीय."