जानकीकाकूंचं जहाज

जानकीकाकूंना मी चारचौघांत खोटं पाडलं. अठ्ठ्याऐंशी सालची दिवाळी होती, भाऊबीज झाल्यावरचा रविवार, भर दुपार, आमचंच घर आणि मीच हट्टाने भाड्याने आणवलेला व्हिडिओ. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला माझी बाजू घ्यावीशी वाटायला नको. मला बाजूच नाही.

देवासला कारखाने आले तशी सांगली-साताऱ्याकडची माणसं नोकरीला आली, त्यांत माझे बाबाही. क्वार्टर्सच्या आमच्या ओळीत नऊ घरं मराठी. जानकीकाकू मात्र आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या नव्हेत, त्या धारच्या. आजोबा दरबारच्या मुदपाकखान्यात होते म्हणे. नवरा गोपाळराव कारखान्याच्या स्टोअरमध्ये. मूलबाळ नव्हतं, आणि त्याचं रडगाणं त्यांनी कधी गायलं नाही. उंच, काटकुळ्या, नाकात मोठी चमकी, आणि आवाज असा की तिसऱ्या घरी कुकरची शिट्टी ऐकू येऊ नये. शाळा तिसरीपर्यंत. दूधवाल्याशी भांडायच्या तेव्हा अस्सल माळवी, 'काय रे भिया, पानी में दूध मिलायो के?' आणि देवापुढे बसल्या की एकदम शंभर वर्षांपूर्वीची मराठी.

श्रावणात काकूंना उसंत नसायची. आमच्या आयांना कहाण्या पाठ नव्हत्या, आम्ही पोरं हिंदी शाळेतली, मराठी वाचायला दिलं की अडखळत रडायचो. म्हणून सोमवारची, शुक्रवारची, रविवारची, घरोघरी काकूंनाच बोलावणं. काकू पाटावर, आम्ही समोर, प्रत्येकाच्या मुठीत तांदळाचे दाणे. कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही. त्या ओळीत काकूंचा जो काही मान होता तो एवढाच: जानकीबाई सांगतात ते खरं.

पंचाहत्तर साली त्यांची बहीण डोंबिवलीला आजारी पडली आणि काकू चार महिने तिकडे राहिल्या. बहिणीच्या शेजाऱ्यांकडे टीव्ही होता. देवासला तेव्हा टीव्ही म्हणजे ऐकीव गोष्ट! दर रविवारी त्यावर एक इंग्रजी मालिका लागायची, आकाशात हिंडणाऱ्या जहाजाची. काकू शेजाऱ्यांच्या उंबऱ्याशी बसून ती बघायच्या. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण बाईंचं काही अडलं नाही. परत आल्या त्या सगळं जहाज पदरात बांधूनच.

मग आमचे रविवार सुरू झाले. श्रावण असो नसो, चार वाजता काकूंच्या ओट्यावर. प्रत्येकाच्या हातात मोजून सात दाणे, सात ताऱ्यांचे सात. "ऐका आकाशींच्या जहाजा, तुझी कहाणी," अशी सुरुवात. कप्तानाचं नाव गणोजी, कारण त्याच्या मिशा काकूंच्या धारच्या मामांसारख्या होत्या. जहाज निघताना गणोजी ओरडायचा, "चलो भिया, अगले तारे पे!" भिंतीवर तळवा टेकला की आपोआप दार उघडायचं, पण पुण्यवानाचाच हवा. पाप्याने दिवसभर हात घासला तरी दार ढिम्म. काचेच्या पेट्यांत माणसं झोपलेली असायची, ती आषाढीला निजून कार्तिकीला उठणारी. आणि दिवे लुकलुकवणारा एक पत्र्याचा डबा होता, तो म्हणजे लाच खाल्ल्याबद्दल शाप मिळालेला कारकून. आम्ही हसून लोळायचो, पण मूठ घट्ट. "सात ताऱ्यांची कहाणी, एका दमात सांगितली, ज्याची त्याला पोचली," असं म्हटलं की आम्ही दाणे अंगणात चिमण्यांना टाकायचो. चिमण्यांनी खाल्लं की वर पोचतं, असं काकू सांगायच्या.

मी घरी येऊन स्वयंपाकघराच्या दाराला तळवा लावून बघायची. दार उघडं असलं तर लोटून घ्यायची आणि मग तळवा लावायची.

सत्त्याहत्तरमध्ये आईला इंदूरच्या हॉस्पिटलात ठेवलं. दोन महिने. बाबा कारखाना आणि इंदूर करत होते आणि मी, नऊ वर्षांची, जानकीकाकूंकडे. त्या दिवसांतच कहाणीत एक मुलगी आली. तिची आई औषध आणायला सातव्या ताऱ्यावर गेली होती. मुलगी जहाजाच्या खिडकीशी बसायची आणि गणोजी तिला दर रविवारी एकेक तारा ओलांडून दाखवायचा. आज दुसरा. आज तिसरा. मी दिवसभर काही खात नसे, पण चार वाजता मूठ पुढे करायची. सातव्या ताऱ्याच्या रविवारी दाराशी तळवा टेकला, दार उघडलं आणि आई आत आली. माझी आई त्यानंतर गुरुवारी आली. मी काकूंना म्हटलं, जहाज चार दिवस लवकर पोचलं. त्या म्हणाल्या, "ते आकाशातून येतं गं, तुझा बाप बशीनं येतो."

आता माझं लक्षण ऐका.

इंदूरला इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि पुण्याचं स्थळ आलं. नीलकंठ बँकेत, माणूस शांत. सासरची मंडळी मात्र 'तुमच्या एम.पी.त मराठी बोलतात का हो?' अशातली. एकदा जेवताना प्रेमलावन्सं, म्हणजे नीलकंठांच्या थोरल्या बहीण, लहानपणीच्या त्या जहाजाच्या मालिकेबद्दल बोलायला लागल्या. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे! मी म्हटलं, "अय्या, मी पण बघायची! दर रविवारी! मावशीकडे मुंबईला!" मला मुंबईला मावशी नाही. मी आयुष्यात त्या मालिकेचं एक दृश्य पाहिलेलं नव्हतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. वर त्या मुलीची आणि सातव्या ताऱ्याची गोष्ट रंगवून सांगितली. वन्सं म्हणाल्या, "हे मला आठवत नाही बाई." मी म्हटलं, "तुमचा तो रविवार चुकला असेल."

वन्संचे यजमान मस्कतला. त्यांनी तिकडून त्या मालिकेच्या कॅसेट आणल्या आणि आमच्या पहिल्या दिवाळसणाला नीलकंठ आले ते वन्संना आणि कॅसेटना घेऊनच. मला भीती वाटायला हवी होती की नाही? छे! मला खरोखर वाटत होतं की मी ती पाहिलेली आहे. इतक्या वेळा ऐकलं होतं की गणोजीच्या मिशा डोळ्यांसमोर होत्या. बाबांना सांगून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणवला आणि सगळ्या ओळीला आमंत्रण दिलं. जानकीकाकूंना तर स्वतः जाऊन. त्या लाजल्या. "मी काय बघू आता? माझं बघून झालंय," म्हणाल्या, पण हिरवं नऊवारी नेसून सगळ्यांच्या आधी आल्या. हातात वाटी. माझ्याबरोबरची पोरं आता नोकरीची, लग्नाची. प्रत्येकाच्या तळव्यावर त्यांनी सात दाणे ठेवले. नीलकंठांच्याही ठेवले. वन्संनी "हे काय, लग्न आहे का?" म्हणून टेबलावर ठेवून दिले.

कॅसेट सुरू झाली.

पहिली गोष्ट म्हणजे गणोजीला मिशा नव्हत्या. जहाज पुठ्ठ्याचं, हलताना वरची दोरी दिसत होती. कप्तानाने भिंतीला तळवा लावला, दार उघडलं. मागून खलनायक आला, त्याने लावला, त्यालाही उघडलं. काचेच्या पेट्यांतले लोक कैदी होते. ओळीतली पोरं आधी गप्प होती, मग एकेक खुसखुसायला लागलं. कोणीतरी म्हणालं, "काकू, ते कार्तिकीला उठणारे कुठे गेले?" हसण्यात कुत्सितपणा नव्हता. काकूही हसल्या. एवढ्यावर राहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण वन्संनी माझ्याकडे पाहिलं. "कल्पना, तू तर सगळं पाहिलंयस ना? मग ती मुलगी कधी येते?"

मी एक कॅसेट बदलली, दुसरी लावली, तिसरी पुढे पळवली. मुलगी नव्हतीच. सातवा तारा नव्हता. औषध आणायला कुठलीही आई कुठेही गेली नव्हती. वन्संच्या ओठांवर ते पुणेरी हसू आलं. आणि मी काय केलं? मी स्वतःला वाचवलं.

"अहो, ह्यांनी सांगितलेलं होतं मला," असं म्हणून मी काकूंकडे बोट केलं. बोट! "काकू, इंग्रजीतला एक शब्द तरी कळत होता का तुम्हाला?" मग मी व्हिडिओ थांबवून थांबवून सगळ्यांना अर्थ सांगायला लागले. हा डबा म्हणजे यंत्र आहे, कारकून नाही. हे असं म्हणतोय, ते तसं म्हणतोय. बी.ए. झाल्याचं एवढं प्रदर्शन मी परीक्षेतही केलं नव्हतं. ओळ हसत होती आणि मला जोर चढत होता. "आणि ती मुलगी? ती कुठून आणलीत?"

काकूंनी आपल्या मुठीकडे पाहिलं. त्यांचा तो तीन घरं ओलांडणारा आवाज, पण समोरच्यालाही जेमतेम ऐकू आला. "नसेल गं ती त्यात. तू फार रडायचीस तेव्हा. म्हणून घातली."

इथे तरी मी गप्प बसायला हवं होतं. आई दारात उभी होती, तिने डोळ्यांनी मला दटावलंसुद्धा. पण वन्संसमोर 'तू रडायचीस' हे मला झोंबलं, आणि मी म्हटलं, "म्हणजे खोटंच की सगळं!"

"हो, खोटंच," काकू म्हणाल्या. उठल्या. दाणे पदराच्या टोकाला बांधले. आईला म्हणाल्या, "पोहे छान झाले होते हो," आणि गेल्या. गोपाळराव चपला शोधत मागोमाग.

त्या दिवशी नीलकंठ एवढंच म्हणाले, "मला त्यांचीच गोष्ट आवडली असती." त्यांच्या तळव्यावर सात दाणे अजून होते, कुठे टाकायचे ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी क्षमा मागायला जायला हवं होतं. गेले नाही. गाडीची वेळ आहे म्हटलं. गाडी दुपारची होती.

पुढच्या श्रावणाच्या अखेरीस आईचं पुण्याला पत्र आलं. गोपाळराव रिटायर झाले, दोघं धारला काकूंच्या भाच्याकडे राहायला गेली. आणि जाण्याआधी शेवटच्या महिन्यात काकूंनी कोणाकडेही कहाणी सांगितली नाही. बोलावलं तर म्हणायच्या, 'मला आता आठवत नाही नीट, चुकीचं सांगून बसेन.' आईने आणखी काही लिहिलं नव्हतं.

मला तेव्हा सातवा महिना होता, पत्रानंतर थोड्याच दिवसांत देवासला बाळंतपणाला आले. आई नको नको म्हणत असताना मी बशीत बसून धारला गेले. काकू परसात पाटावर बसून शेंगा सोलत होत्या. मला बघून हरखल्या, कपाळाला हात लावला, "अगं बाई, अशा अवस्थेत बशीनं आलीस?" पाणी दिलं, चहा केला. पोट बघून मुलगा म्हणाल्या. त्या दिवाळीचा उल्लेखच नाही. असं काही बोलल्या की जणू मी त्यांना कधी दुखवलंच नव्हतं, आणि मला तेच सोसवेना.

"काकू, मी चुकले," मी म्हटलं. "वन्संना मी थाप मारली होती, ती तुमच्यावर ढकलली. खोटी मी होते."

"जाऊ दे गं. तू खरं तेच बोललीस. मला इंग्रजी कुठे येतं?"

मी पर्स उघडली. देवासहून पुडीत तांदूळ बांधून आणले होते. सात दाणे मुठीत घेतले आणि जमिनीवर त्यांच्या समोर बसले, पोट सावरत, तिथे ओट्यावर बसायची तशी. "रविवार आहे काकू. चार वाजलेत. ह्याला ऐकू येत असेल आता. जहाजाची सांगा."

त्या बराच वेळ माझ्या मुठीकडे बघत राहिल्या. एकदा त्यांचे ओठ हललेसुद्धा. माझी खात्री आहे, 'ऐका' एवढं आलं होतं तोंडाशी. मग त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, माझा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक करून माझी बोटं उघडली.

"माझी नको. चुकीची आहे ती. तू सांग त्याला खरी," त्या अगदी मायेने म्हणाल्या.

दाणे त्यांनी आपल्या तळव्यावर ओतून घेतले, उठल्या आणि आत जाऊन तांदळाच्या डब्यात टाकले. डब्याचं झाकण लावल्याचा आवाज मला अंगणात ऐकू आला. अंगणात चिमण्या होत्या.