मी उभा ठेवलेला उपदेशक

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण कशाला हवं? सांगतो झालं.

मालवणजवळच्या एका शाळेत मी इतिहास शिकवायचो. युरोपातली धर्मसुधारणा आली की मुलं जांभया देत. मग मी जर्मनीतल्या एका ल्यूथरपंथी उपदेशकाची गोष्ट रंगवायचो. मठ सोडून त्याने लग्न केलं, लोकांच्या बोलीत प्रवचनं केली, देव आणि माणूस यांच्यात दलाल नको म्हणाला. राजाच्या माणसांनी धमकावलं — शब्द मागे घे. माझा उपदेशक ताठ उभा! वर्ग टाळ्या वाजवायचा, आणि मी? मी फुगायचो.

दत्ताराम त्याच वर्गातला. पुढे रापणीवर गेला — किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं ते मोठं जाळं, त्यात त्याच्या घराचा वाटा होता. त्याची बहीण विधवा झाली आणि जत्रेत देवीची ओटी भरायला मानकऱ्यांनी तिला मनाई केली. हा गावाच्या बैठकीत उठला. "देवीक नको काय तुमका नको?" थेट विचारलंन. मी तिथेच होतो. चटईच्या काड्या उपसत बसलो होतो. शिक्षक ना मी!

रापणीतून त्याला काढलं. घरात दोन पोरं. देवीपुढे नारळ ठेवून माफी मागितली की वाटा परत, एवढंच मानकऱ्यांचं म्हणणं. त्याची आई माझ्या दारात आली. "गुरुजी, तुमचा तो ऐकता. तेका सांगा."

मग तो स्वतःच आला. अंगणात उभ्याउभ्याच विचारलंन, "गुरुजी, मगे त्या उपदेशकाच्या बायल-पोरांचा काय झाला ओ?"

आता ऐका. तो उपदेशक वाकला होता. मी वाचलेलं मला स्वच्छ आठवत होतं — बायको गरोदर, घरावर जप्ती. त्याने गुडघे टेकून शब्द मागे घेतले. पुढे कित्येक वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांत, हळू आवाजात प्रवचनं करत राहिला. जगला. मुलंही जगली. एवढंच सांगायचं होतं मला. पण मग इतकी वर्षं टाळ्या कशाच्या घेतल्या, असं त्याने विचारलं असतं तर?

"त्याची नोंद नाही," मी म्हणालो. आणि वर — लाज वाटते हो सांगायला — "तू मागे हटू नकोस."

तो हटला नाही. गोव्याला ट्रॉलरवर खलाशी झाला. बायको-पोरं कसालला, तिच्या माहेरी. आई गेली तेव्हा तो समुद्रात होता. अग्नी शेजाऱ्याने दिला. बहिणीला ओटी अजून भरू देत नाहीत. मी त्या बैठकीला अजून जातो, अजून गप्प बसतो.

चतुर्थीला दत्ताराम येतो, आधी माझ्याकडे. पाया पडतो, पोरांनाही पडायला लावतो. "हेंनी माका ताठ उभा रवाक शिकवल्यानी," त्यांना सांगतो.

मी पाय मागे घेत नाही.