आईच्या हातातलं हमी कार्ड

दसरा सरला की आमच्या शिरूर कासारकडच्या शाळेत, आईबापासंगं ऊसतोडीला निघालेल्या मुलांची हमी कार्डं भरायचं काम माझ्याकडे असतं. हे कार्ड दाखवलं की मूल जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. काल शिक्का मारताना शाईचा वास आला आणि मला तेलगावकडची एक शाळा आठवली.

मी चौथीत होते. आई फडातून तशीच आली होती, पदराला उसाचं पाचट चिकटलेलं. गुरुजींनी कार्ड मागितलं. आईनं पुढं केलं, पण सोडेना.

“द्या की ताई, नोंद करायचीय.”

“हितंच बघून लिवा. हे गेलं तर गावच्या शाळंतलं नाव बी जाईल लेकराचं.”

“अहो, परत देतो.”

“समदे असंच म्हंत्यात, गुरुजी.”

वर्ग हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज कळतं, आईला अक्षर येत नव्हतं. माझ्या शिक्षणाचा तेवढा एकच कागद तिच्या हाती होता.

गुरुजींनी वाद घातला नाही. आईनं धरलेल्या कार्डावर वाकून त्यांनी माझं नाव, इयत्ता, सगळं उतरवून घेतलं. मग म्हणाले, “कार्ड ठेवा तुमच्याकडंच. पोरगी तरी सोडाल का?”

तेव्हा कुठं आईच्या ध्यानात आलं, दुसऱ्या हातानं तिनं माझं मनगट गच्च धरलं होतं. ती हसली. “ही ठिवून घ्या, गुरुजी. हिच्यासाठीच तर आले.”