मावशींच्या चिठ्ठ्या

कुठलंही पुस्तक मागा, आमच्या विद्यापीठाच्या लायब्ररीतल्या मावशी आधी म्हणायच्या, "हाय, पन नाय." नव्या मुलांना वाटे, बाई चेष्टा करतायत. पण ती निव्वळ वस्तुस्थिती होती. कॉम्प्युटरच्या यादीत पुस्तक असे, कपाटात नसे. संख्याशास्त्राच्या पुस्तकाच्या तीन प्रती होत्या. एक कुठल्याशा सरांच्या घरी मुरलेली, दुसरीची पानं गळालेली, आणि तिसरी कुणालाच सापडत नसे.

सापडणार कशी? ती मी लपवली होती. कायद्याच्या जाडजूड खंडांमागे, जिथे झुरळंसुद्धा फिरकत नसत. परीक्षा जवळ आली की चांगली पुस्तकं भलत्याच कपाटात मुक्कामाला जायची, ही आमच्याकडे रीतच होती. त्यात संख्याशास्त्रात माझी दोनदा दांडी उडालेली. तिसऱ्यांदा उडाली असती तर बाबा मला विचुंब्यात काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसवणार होते.

एकदा लेक्चर लवकर सुटलं म्हणून गेलो, तर खंडांमागे पुस्तक नाही! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा मीच तरातरा मावशींकडे तक्रार घेऊन गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "उलव्यावरनं येनारी पोर वाचते ना ती. धा ते बारा तिची वेळ. तुजी दुपारनं हाय." पंधरा दिवस हे चाललं होतं. मावशी रोज पुस्तक काढून तिला देत आणि माझ्या खुणेच्या कागदासकट पुन्हा तिथेच ठेवून देत. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

"ग्रंथपाल सरांना का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगून पुस्तकं वाडतात का?"

इंटरनेटची निराळीच तऱ्हा. वायफाय होतं, पण रेंज फक्त पाण्याच्या कूलरपाशी. मावशींनी एक बाक ओढून तिथे नेला. सर तो जागेवर लावायला सांगत, मावशी "हो सर" म्हणून लावत, आणि सर जेवायला गेले की बाक परत कूलरपाशी. त्यावर आम्ही पाचजण मांडीला मांडी लावून नोट्स डाउनलोड करायचो.

एका बाबतीत मात्र त्या कडक होत्या. पुस्तक न मिळालेल्या कुणालाही तसंच जाऊ देत नसत. "नाय मिलालं तर चिठ्ठी भरून जा. काय पायजे ते लिव." मागणीच्या त्या छापील चिठ्ठ्या वरती कोणी वाचत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही मावशींखातर भरायचो आणि मावशी त्या सगळ्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायच्या.

मग बाहेरून तपासणी समिती आली. दाखवण्यापुरत्या शहाण्या मुलांत मलाही बसवलं होतं. सर सांगत होते, आमच्याकडे पुस्तकांची अजिबात टंचाई नाही. समितीतल्या एका बाईंनी सहज मावशींना विचारलं, "मिळतात ना मुलांना पुस्तकं?"

मावशींनी चिठ्ठ्यांचा डबाच बाईंच्या पुढ्यात ठेवला.

पुढच्या सत्रात नव्या प्रती आल्या, सगळ्या हॉलभर वायफाय पोचलं, प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन मिळालं. मावशी मात्र दिसेनात. त्या ठेक्यावर होत्या. त्यांना होस्टेलचे जिने पुसायच्या कामावर पाठवलं होतं. का पाठवलं, ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायची हिंमत आमच्यातल्या एकानेही केली नाही. याची मला आजही लाज वाटते.

पास झालो तेव्हा पेढे घेऊन गेलो. मावशी बादली बाजूला सारून पायरीवर बसल्या. पदराला हात पुसून त्यांनी पेढा घेतला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "मावशी, संख्याशास्त्राची नवी पुस्तकं आली. चांगली बारा!"

त्या म्हणाल्या, "चिठ्ठ्या तर सोला होत्या. रायलेल्या चार पोरांनी परत भरल्या का?"

मावशी गेल्यापासून लायब्ररीत कुणीच चिठ्ठी भरली नव्हती. मीसुद्धा.