थर्माकोलचा मुकुट

जयनगरच्या कला महोत्सवात रामायण असलं की सभागृह तुडुंब भरतं. तिथला मेकअपवाला मला दरवर्षी भेटतो. कितीही बोला, त्याचं कानडी उत्तर एकच, "सरी, अक्का." म्हणजे, बरं, ताई. राम रंगमंचावर आला की लोक फोन उंचावतात आणि हा विंगेत चपला काढून उभा राहतो. लहानपणी माझी आईही खुर्चीखाली अश्शाच चपला काढायची.

यंदा प्रयोगानंतर त्याला शिवाजीनगरला सोडायला निघाले. त्यानं रामाचा मुकुट पुढच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला आणि स्वतः मागे बसला.

"अण्णा, थर्माकोलचाच आहे की हो!"

"दुकानात थर्माकोल होता, अक्का. आता रामाच्या डोक्यावर बसून आलाय."

मी हसले. पण शिवाजीनगर येईपर्यंत एकाही खड्ड्याचा धक्का मी त्या मुकुटाला लागू दिला नाही.