तिसऱ्या घागरीचा गुन्हा

बानाबाईचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. चिकलठाण्याचा माळ कारखान्यांत गेला, तशी त्यांनी मेंढरं विकून म्हशी घेतल्या. नवरा सोनाजी त्याच माळावर वॉचमन झाला. जिथं जन्मभर मेंढरं चारली, तिथनं आता दुसऱ्यांची मेंढरं हाकलायचा त्याला पगार मिळे. घरी येऊन म्हणे, "आज चुलत्याचीच हाकलली. लई गुमान गेली."

बानाबाई शहरातल्या शहागंजात हातगाडी लावायची. गाडीवर तीन घागरी: एकीत साधं ताक, दुसरीत आलं-मिरची वाटून लावलेला मठ्ठा, तिसरीत साखरेची दाट लस्सी.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. खेड्यांत दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, शहरात संचारबंदी लागली. सूट तेवढी दुधाला होती. पण घरातलं दही आंबत चाललेलं, म्हणून बानाबाई गाडी घेऊन निघालीच. चौकीपाशी जमादार अप्पारावनं अडवलं.

"काय हाय मावशी?"

"ताक."

"सूट दुधाला हाय."

"कालपतूर दूधच व्हतं की, जमादार."

अप्पाराव पेचात पडला. त्यानं तिला आत फौजदार मधुसूदन जोशींपुढं उभं केलं. जोशी नियमाला पक्के.

"बाई, याचं दूधपण नक्की कधी संपलं?"

"इरजण लावलं तवा, साहेब. दिवेलागणीला."

"म्हणजे संचारबंदीत."

"घरातल्या घरात, साहेब."

जोशींनी वर फोन लावला. वरून उलट विचारणा झाली, गोड की खारट? बऱ्याच वेळानं निकाल आला. साधं ताक दुधात धरावं. मठ्ठ्याला मिरची असल्यानं तो स्वयंपाक, ज्यानं त्यानं आपल्या घरी करावा. लस्सी हॉटेलातली वस्तू आणि हॉटेलं बंद, सबब जप्त.

"आठवडाभर चौकी हेच आमचं घर," असं म्हणून अप्पारावनं आणि शिपायांनी मठ्ठा संपवला. कुलूपबंद जागा एकच असल्यानं लस्सीची घागर कोठडीत ठेवली. पंचनाम्याला बाहेर काढली तेव्हा ती रिकामी होती. आत बन्सी नावाचा माणूस मिशा पुसत बसला होता.

"मुद्देमाल कुठाय?" जोशींनी विचारलं.

"पिलो, साहेब. कालपासून पोटात काय नाय."

"तुला कशासाठी धरलं होतं?"

"दूध आणाया निघालो व्हतो."

"सूट दुधाला आहे. गिऱ्हाइकाला नाही."

बन्सी मान खाली घालून म्हणाला, "बहिणीची माणसं आलीत घरी. गावात त्यांची वस्ती जाळली. लेकरं हायत, साहेब."

जोशींनी लेखणी खाली ठेवली. बानाबाईनं विचारलं, "घर कुठं रं तुझं?"

नाल्यापलीकडं त्याची वस्ती होती. इतकी वर्षं शहरात राहून बानाबाईनं तिथं पाऊल टाकलं नव्हतं. आज ताकाची घागर घेऊन ती तिकडं निघाली. संचारबंदीत बाईनं एकटीनं जाऊ नये म्हणून जोशींनी अप्पारावला बरोबर दिलं. त्याची खाकी पाहताच बन्सीच्या बायकोनं, मालनबाईनं, दार लावून घेतलं.

"बन्सीनं धाडलंय," बानाबाई बाहेरून म्हणाली. "ताक हाय. सरकारनं दूध म्हटलंय त्याला."

दार उघडलं. खोलीभर माणसं भिंतीला टेकून बसलेली. उंबऱ्याशी बानाबाईचा पाय जरा अडखळला. मग ती आत गेली, घागर टेकवली आणि आपल्या हातानं एकेकाचं भांडं भरू लागली. अप्पाराव टोपी काढून बाहेरच थांबला.

लस्सी पोटातून कशी जप्त करावी याचं उत्तर वरूनही आलं नाही, तेव्हा जोशींनी बन्सीला सोडून दिलं. संचारबंदी उठेपर्यंत बानाबाई रोज नाल्यापलीकडं जाई, लेकरांसाठी दूधही नेई. सोनाजीला तिनं सांगितलं नव्हतं. भावकीतून त्याच्या कानावर गेलंच. त्यानं गाडीचं चाक फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "तिकडचा रस्ता खडकाळ हाय. गाडीच्या चाकाला तेल घाल."